एक मीटर एक्क्याण्णव

१

सकाळी आठ पन्नासला नेवेना कोलारोवा ऑफिसचं कुलूप काढायची, खिडकीतल्या जिरेनियमला पाणी घालायची, कागदात गुंडाळलेला बानित्सा, चीज भरलेला पापुद्र्यांचा भाजलेला पदार्थ, तसाच रेडिएटरवर ठेवायची आणि संगणक सुरू करायची. आर्किटेक्ट ताबाकोव साडेनऊला येत. मधली चाळीस मिनिटं तिची स्वतःची. एकोणपन्नासाव्या वर्षी तिला कुणी घाई केलेली खपत नसे. तरुणपणी ती नदीकाठच्या याच रुसे गावातल्या एका जहाजकारखान्यात शाईनं नकाशे काढायची. तिथली माणसं कमी झाली तेव्हा एक जाडजूड पुस्तक आणि एक जुना संगणक घेऊन ती घरी बसली आणि सगळं नव्यानं शिकली. शिकवायला कुणी नव्हतं. त्यामुळे एखादी गोष्ट का होते हे कळल्याशिवाय तिला चैनच पडायचं नाही.

नदीकडे उतरणाऱ्या एका गल्लीत चार मजली इमारत व्हायची होती. नकाशे तयार होते. पण नगरपालिकेला हल्ली नुसत्या रेघा पुरत नाहीत. प्रत्येक शीटच्या उजव्या कोपऱ्यात इमारतीचं चित्र लागतं, ती उभी राहिल्यावर दिसेल तसं. संगणकातल्या मॉडेलला गिलावा चढवायचा, काचांना चमक द्यायची, सूर्य कुठल्या तारखेचा आणि किती वाजताचा ते सांगायचं. मग संगणक वरून खाली एकेक ओळ भरत फोटोसारखं चित्र काढतो. ऑफिसात त्याला रेंडर म्हणत. रेंडर झालं की नेवेना ते शीटला जोडायची.

"ही कोण माणसं?" पहिलं चित्र बघून ताबाकोव म्हणाले.

"तयार संचातली आहेत, साहेब."

"दात बघ त्यांचे. आपल्या गावात एवढे दात उरलेत कुणाला? आणि ही बाई कुत्र्याकडे बघून इतकी का खूश झालीय? आपला एखादा साधा माणूस उभा कर ना तिथे."

साधा माणूस दुपारी स्वतःच आला. तिहोमीर, तिचा धाकटा भाऊ. आई गेली तेव्हा तो अकरा वर्षांचा होता आणि नेवेना बावीसची. तेव्हापासून तिनंच त्याला वाढवलं. तिनं लग्न केलं नाही, आणि त्याबद्दल कधी चकार शब्द काढला नाही. आता तो ट्रॉलीबस चालवायचा आणि दुपारची पाळी असली की तिच्यासाठी घेवड्याच्या सूपचा डबा घेऊन यायचा.

"अंगणात उभा राहा," ती म्हणाली. "हसू नकोस."

"का गं ताई, हा फोटो लागणार कुठे? चौकीत?"

"इमारतीच्या दारात."

"अरे वा. फ्लॅट नाही तर नाही, फुटपाथ तरी माझ्या नावावर झाला."

एक ऑक्टोबर, दुपारी एक वाजून दहा मिनिटं. तिनं फोटो काढला. उंची एक मीटर अठ्ठ्याहत्तर. कापून लावलेलं माणसाचं चित्र कागदासारखं चपटं असतं, त्याची सावली संगणकाला नीट पाडता येत नाही. तेव्हा ती सावली हातानं करायची, हे नेवेनाचं स्वतःचं तंत्र होतं. तिनं फरशीवर पडलेली भावाची सावली स्टीलच्या टेपनं मोजली. टाचेपासून डोक्यापर्यंत एक मीटर एक्क्याण्णव, खांद्यांशी बावन्न सेंटिमीटर.

"शिंप्याकडे नेतेयस की काय?" तिहोमीर म्हणाला. "कॉलर सैल ठेवायला सांग."

संध्याकाळपर्यंत तो इमारतीच्या दारासमोर उभा होता आणि त्याची राखाडी सावली उत्तरेला, दाराच्या दिशेनं पडली होती. सगळ्या इमारतीत तेवढीच एक गोष्ट खरी दिसत होती.

२

सहा तारखेला नगरपालिकेतून निरोप आला. चित्रात माणसं नकोत.

माणसं वेगळ्या थरावर असतात, तो थर बंद केला की दिसेनाशी होतात. तिहोमीर दिसेनासा झाला. सावली मात्र जमिनीच्या थरावर होती; तो बंद केला तर फुटपाथच गेला असता. नेवेना मेहनतीनं केलेली कुठलीच वस्तू कधी पुसत नसे. नको असलेली झाडं, बाक, गाड्या ती जमिनीखाली ढकलून द्यायची. पुरलेलं चित्रात येत नाही आणि लागलं तर वर काढता येतं. तिनं सावली दाराच्या उंबऱ्याखाली, एक मीटर वीस खोल ढकलली. तिथे पायाचं काँक्रीट होतं. त्याच्या जाडीत ती व्यवस्थित मावली.

सात तारखेला पायाचे नकाशे छापून साइटवर गेले. नऊ तारखेला सकाळी नऊ वाजता, शेवटची तपासणी म्हणून, तिनं दर्शनी बाजूचं शीट उघडलं.

फुटपाथवर सावली होती.

माणूस नव्हता. रिकामा, उन्हानं भरलेला फुटपाथ, आणि त्यावर एका पुरुषाची सावली, डोकं दाराच्या पायरीपासून हातभर अंतरावर.

तिला आधी स्वतःचाच राग आला. शीटला जोडलेलं चित्र जुनं असणार. तिनं तारीख बघितली. चित्र सात तारखेचं होतं, सावली पुरल्यानंतरचं. मग तिनं मॉडेल उघडलं. सावली खाली, काँक्रीटमध्ये, ठेवली तिथेच होती. वर काहीही नव्हतं. ती फुटपाथवर सगळीकडे निवडून बघत गेली. फरश्या, गटाराची जाळी, दिव्याचा खांब. बस.

संगणक चूक करतो, पण मनचं काही काढत नाही. जे मॉडेलमध्ये नाही ते चित्रात येऊ शकत नाही. हे तिला स्वतःचं नाव ठाऊक असावं तसं ठाऊक होतं.

तिनं नव्यानं रेंडर लावलं. बावीस मिनिटं लागत. तिनं बानित्सा उघडला आणि न खाता परत गुंडाळला. वरून एकेक ओळ भरत आली: आभाळ, कौलं, चौथ्या मजल्याचे कठडे, खिडक्या. दार आलं. दाराची पायरी आली.

सावलीचं डोकं पायरीवर होतं.

नेवेनाच्या हातातला कप टेबलावर आपटला आणि कॉफी कीबोर्डभर पसरली. फडकं तसंच टाकून तिनं सूर्याची तारीख-वेळ उघडली. सूर्य तोच. एक ऑक्टोबर, एक दहा. तिनं आकडे मोठ्यांदा वाचले. एकच सूर्य एकाच जागी असताना सावली पुढे सरकायला काय झालं?

ताबाकोव आले, खांद्यावरून डोकावले. "हे काय, कुणाची सावली?"

"तुम्हाला दिसतेय?"

"म्हणजे काय, आंधळा आहे का मी? काढ ती. आणि कॉफीचा वास येतोय कीबोर्डला."

त्यांना दिसत होती. ते ऐकून तिला धीर यायला हवा होता.

तिसरं रेंडर तिनं उभ्यानं बघितलं. दार बंद होतं. ओक लाकडाचा रंग तिनंच दिला होता, आठ फळ्या, पितळी मूठ. उंबऱ्याखालून कमरेपासूनची सावली बाहेर आली होती. पाय फुटपाथवर, बाकीचा माणूस आत. सावली बंद दाराशी पोचली तर दारावर चढते, हे कुठल्याही शेंबड्या पोराला माहीत असतं. ही चढली नव्हती. ती दाराखालून आत शिरली होती.

मग तिनं आयुष्यात पहिल्यांदा आपलं काम कायमचं पुसलं. काँक्रीटमध्ये जाऊन सावली निवडली, काढून टाकली, कचरापेटीही रिकामी केली.

चौथ्या चित्रात फुटपाथ स्वच्छ होता.

"शाब्बास," ताबाकोव म्हणाले. "आता पाठवून दे."

३

"मला कुणी भाव देतं का बघ," तिहोमीर त्या आठवड्यात जेवताना म्हणाला. "सुपरमार्केटचं आपोआप उघडणारं दार आहे ना, ते माझ्यासाठी उघडतच नाही. तीनदा गेलो. हात हलवले, नाचलो. आत बायका हसतायत. शेवटी मागून एक म्हातारी आली, तिच्यासाठी लगेच उघडलं."

"बिघडलं असेल."

"म्हातारीसाठी नाही बिघडलं! ताई, मी बारीक तर झालो नाही ना?" त्यानं पोटावर थाप मारली. "डेपोत विचारलं, तर म्हणाले, तुला जागा द्यायला दारालासुद्धा भीती वाटते."

तो हसला, ती हसली. त्यानं स्वेटरवर दुसरा स्वेटर घातला होता. खोलीत तेवीस अंश होते. छतावरचा दिवा त्याच्या डोक्यामागेच लागला होता आणि टेबलावर भांड्यांच्या सावल्या पडल्या होत्या: मीठदाणी, पावाचं ताट, तिचा चमचा धरलेला हात. त्याचा हात पाव मोडत होता. त्या हाताखाली काय पडलंय, हे बघायचं नेवेनानं टाळलं. आपण का टाळतोय, हेही तिनं स्वतःला विचारलं नाही.

"थंडी वाजतेय का तुला?" तिनं विचारलं.

"पायांत. तळघरात उभं राहिल्यासारखं वाटतं."

"डॉक्टरकडे जाऊ उद्या."

"गुरुवारी सुटी घेतो. नाही, गुरुवारी दुपारची पाळी आहे. शुक्रवारी जाऊ."

४

गुरुवारी, सोळा तारखेला, दुपारी साडेबाराला ऑफिसचा फोन वाजला. साइटवरचे रादोय मिस्त्री होते. म्हातारा गवंडी, शब्द मोजून बोलणारा.

"मॅडम, पायाच्या नकाशात उंबऱ्याखाली तो लांबट आकार दाखवलाय, तो कशासाठी? पाइप नाही, खड्डा नाही. मी म्हटलं, लिफ्टवाल्यांचं काहीतरी असेल."

"कुठला आकार?"

"लांबट हो. माप दिलंय ना तुम्ही. एक एक्क्याण्णव, रुंदी बावन्न. आम्ही सळ्या बाजूला घेतल्या आणि तेवढी पोकळी सोडली. भरायची की तशीच ठेवायची, एवढंच विचारायचं होतं."

नेवेनानं नकाशाचं कपाट उघडलं. सात तारखेला छापलेली प्रत हाताला लागली. पायाचा नकाशा काढताना संगणक मॉडेल आडवं कापतो आणि कापात जे जे सापडेल त्याची कडा काढून माप टाकतो. उंबऱ्याच्या रेषेखाली, सळ्यांच्या जाळीत, एक बारीक कडा होती. डोकं. खांदे. किंचित फाकलेले पाय. आणि पायथ्याशी बाण काढून सुबक अंकात लिहिलेलं माप.

दहा वर्षांत तिनं न तपासलेला हा पहिला नकाशा.

"मिस्त्री," ती म्हणाली, "ती पोकळी नाहीच. चूक आहे ती. काँक्रीट कधी आहे?"

"आत्ताच. पंप नि पंपवाला नदीपलीकडच्या देशातून आलेत, जुर्जूहून. पाइप लावतायत."

"थांबवा! मी येतेय. काही ओतू नका!"

कोट न घेताच ती धावली. वाटेत तिहोमीरला फोन लावला. गाडी चालवताना तो उचलत नसे. दोनदा वाजून वाजून बंद झाला. चौकातून एक ट्रॉलीबस गेली. ड्रायव्हर दुसराच होता.

५

साइटवर ऊन लख्ख पडलं होतं. एक वाजून पाच मिनिटं. पंपाचा लांबलचक हात आभाळातून वाकून पायाच्या खड्ड्यावर आला होता आणि त्याचं यंत्र इतकं गर्जत होतं की बोललेलं ऐकू येत नव्हतं. पंपवाला पलीकडच्या कडेला, वीस मीटरवर, गळ्यात नियंत्रणाचा डबा अडकवून उभा होता. खड्ड्यात एक कामगार काँक्रीट बसवायचा व्हायब्रेटर हातात घेऊन तयार होता.

"मॅडम, एवढं काय झालं?" मिस्त्री तिच्या कानाशी ओरडले. "चूक तर चूक. लोखंड परत बांधायला तास लागेल, बस."

"ते माप..." तिला धाप लागली होती. "माणसाचं आहे."

"काय?"

"माणसाच्या सावलीचं. मी मोजलं होतं. चित्रासाठी."

मिस्त्रींच्या चेहऱ्यावरचा रंग उतरला. काँक्रीटच्या धुळीनं तो मुळात राखाडी होता, आता पांढरा झाला.

"सुतळीनं मोजलंत?"

"टेपनं. स्टीलच्या."

"टेप काय नि सुतळी काय, माप ते मापच." त्यांनी टोपी काढून हातात घेतली. "माझ्या आजोबांच्या वेळचे मिस्त्री रस्त्यानं जाणाऱ्याच्या सावलीचं माप घेऊन इमारतीच्या पायात पुरायचे. भिंत टिकायची. माणूस नाही. मी पन्नास वर्षांत कधी केलं नाही, आणि तुम्ही... कुणाची आहे?"

"माझ्या भावाची."

दोघं खड्ड्याच्या कडेला आले. खाली सळ्यांची जाळी, तारेनं नीट बांधलेली, आणि उंबऱ्याच्या जागी ती दुभंगून केलेली पोकळी. कामगारांनी नकाशावर इतका विश्वास ठेवला होता की फळ्याही खांद्यांशी गोलाकार कापल्या होत्या. तळाशी कोबा होता, पांढरा, कोरडा, उन्हात तापलेला.

त्या कोब्यावर सावली पडली होती.

कडेला ती दोघंच होती, आणि त्यांच्या सावल्या त्यांच्या मागे, उत्तरेला, मातीवर होत्या. पोकळीवर ना पंपाच्या हाताची सावली येत होती, ना फळीची. नेवेनानं वर बघितलं, निळं आभाळ बघितलं, परत खाली बघितलं. सावली पोकळीत काठोकाठ बसली होती. डाव्या हाताची बोटं किंचित हलली, झोपेत हलतात तशी.

मिस्त्रींच्या तोंडून एक शब्द निघाला, प्रार्थनेतला. ते छातीवर क्रूसाची खूण करायला लागले आणि मध्येच थांबले.

पलीकडून पंपवाल्यानं हात उंचावला. ओतू का?

"नाही!" नेवेना किंचाळली. यंत्राच्या आवाजात तिचं किंचाळणं तिलाही ऐकू आलं नाही. म्हणून तिनं मान हलवली, जशी या गावात जन्मलेला प्रत्येक माणूस नाही म्हणताना हलवतो: हनुवटी वर, खाली, वर, खाली. मिस्त्रींनीही हलवली. दोघं कडेला उभी राहून जीव तोडून नाही म्हणत होती.

नदीपलीकडच्या देशात मान वरखाली केली की तिचा अर्थ हो असतो.

पंपवाल्यानं अंगठा दाखवला.

पाइप एकदा उसळला आणि राखाडी काँक्रीट धबाधबा पडायला लागलं, पोकळीच्या पायांकडच्या टोकाला. घोटे झाकले गेले. कामगारानं सवयीनं व्हायब्रेटर त्यात खुपसला.

मिस्त्री खड्ड्यात उडी टाकून ओरडत पंपाकडे पळाले. नेवेनाच्या हातातला फोन थरथरला. तिहोमीर.

"ताई? फोन केला होतास का? मी गाडी उभी केलीय, मधेच रस्त्यात. लोक शिव्या घालतायत." त्याचा आवाज चकित झालेला होता, घाबरलेला नव्हता, अजून नाही. "अगं, बुटांत काहीतरी ओलं शिरलंय. गार. वाकून बघितलं तर कोरडे आहेत बूट. पण पाय उचलतच नाहीयेत."

"तिशो, खाली उतर. उतर गाडीतून!"

"कसा उतरू, पायच... ए, थांबा हो जरा, दिसत नाही का माणसाला त्रास होतोय? ताई, गुडघ्यांपर्यंत आलं."

खाली काँक्रीट गुडघे ओलांडून वर सरकत होतं. सावलीनं मान वळवली. चेहरा नसलेली ती गोल काळी आकृती आता वर, कडेकडे, वळलेली होती. नेवेना हात आडवे पसरून, मान आडवी हलवून, सगळ्या अंगानं पलीकडच्या माणसाला सांगत होती, थांब, थांब. त्याला आता कळलं. तो दचकून डब्यावर वाकला.

"छातीवर कुणीतरी बसलंय," तिहोमीर म्हणाला. मग एकदम लहान मुलाच्या आवाजात, "ताई, जड आहे गं."

पाइप थांबला. उरलेला एक लगदा टपकन पडला आणि पोकळी भरली. वर सपाट, ओला, चमकणारा राखाडी पृष्ठभाग. त्यावर एक बुडबुडा आला आणि फुटला.

मिस्त्रींनी व्हायब्रेटरची वायर ओढून काढली. पंप बंद, व्हायब्रेटर बंद. पक्षी ओरडत होते. नदीवर कुठलंतरी जहाज भोंगा देत होतं. कामगार हातातलं बंद यंत्र धरून तिच्या तोंडाकडे बघत होता.

"तिशो?" ती फोनमध्ये म्हणाली. "तिहोमीर, बोल."

पलीकडे बसमधल्या बायकांचा आरडाओरडा दूरवर ऐकू आला, मग तोही विरला. फोन चालू होता. ती श्वास रोखून ऐकत राहिली, आणि फोनमधून तिच्या कानात, अगदी जवळून, ओल्या काँक्रीटमध्ये खोल खुपसलेल्या व्हायब्रेटरची घरघर सुरू होती.